आगीचा मानकरी

एका जंगलाच्या कडेला एक सरडा राहायचा. एकटा नाही बरं का, चांगला चारचौघांत. एकदा हिवाळ्याच्या तोंडावर पश्चिमेकडून एक करकोचा तिथं उतरला. मान लांब, भाषण त्याहून लांब. त्यानं सांगितलं की त्याच्याकडचे जाणते म्हणतात, जग चारच गोष्टींचं बनलंय : माती, पाणी, वारा आणि आग. प्रत्येकीचे जीव ठरलेले. आपल्याकडे पाच मानतात. पण आकाश कुठं सांडलं, हे पाहुण्याला विचारणार कोण? उंदीर मातीत गेले, बेडूक पाण्यात, पोपट वाऱ्यात. आगीला कुणी उरेना. तेव्हा करकोचा म्हणाला, "आमच्याकडे आगीत सरड्यासारखं एक जनावर राहतं. त्याला जाळ भाजत नाही." सगळ्यांनी सरड्याच्या लालसर मानेकडे पाहिलं. झालं, ठरलं.

सरडा असा फुगला की विचारू नका. पण आगीजवळ बसणार कोण? बेडकाला सुकायची भीती, पोपटाला पंख होरपळायची. उंदरांची पिल्लं आधी त्याच्या पाठीवरून उड्या मारायची, आता त्यांना त्याच्या सावलीतही जायची बंदी. सरडा एकटाच दगडावर बसून राही. उन्हात ठीक चालायचं. पण सरड्याच्या अंगात स्वतःची ऊब कुठली असायला? ऊन कललं की तोही दगडाबरोबर गार. कुणाच्या बिळात शिरावं, तर आगीच्या मानकऱ्यानं मला थंडी वाजते असं कसं सांगायचं?

एका संध्याकाळी कडाक्याचा गारठा पडला. शेजारची उंदरीण ओढ्यात पडून भिजलेलं पिल्लू घेऊन भीत भीत आली. "सरडोबा, याला जरा शेकू द्या. लांबूनच शेकते," ती म्हणाली.

पिल्लू लटलट कापत होतं. आता ऐट मिरवली तर ते इथंच थंड पडणार, हे सरड्याला कळलं.

"घरी ने त्याला, वहिनी," तो म्हणाला. त्याची जीभही नीट वळेना. "माझ्यात आगबिग काही नाही. मीच गारठलोय."

उंदरिणीनं त्याला नाकानं चाचपलं. "अरे मेल्या, तू तर दगडाहून गार. इतके दिवस बोलला का नाहीस?"

तिनं पिल्लू तोंडात धरलं आणि सरड्याला ढकलत ढकलत बिळात नेलं. आत नुसती दाटी. सरडा बिचारा अंग चोरून भिंतीला चिकटला.

एक पिल्लू कुरकुरलं, "आई, हा फार गार लागतो."

"म्हणूनच त्याला मधे घे," आई म्हणाली.

तात्पर्य : जगानं आग म्हटलं म्हणून अंगात ऊब येत नाही. गारठलो तर गारठलो म्हणावं, म्हणजे कुणीतरी जवळ घेतं.