खारटेकडीचे डोहाळे

एक जंगल होतं. जंगल म्हटलं की राजा आला, म्हणून तोही होता. खरं तर मान वाघाचा, पण वाघ शेजारच्या अभयारण्यात निघून गेला होता. तिथे त्याला बघायला जीपगाड्या येत. मग इथल्या गादीवर एक बिबट्या बसला. त्याचं नाव ठिपकेराव.

हे जंगल लोकशाही मानणारं होतं. निवडणुकीच्या दिवशी सगळी जनावरं मोठ्या कुरणात जमत आणि ठिपकेराव मधोमध येऊन उभा राही. ज्याला तो राजा म्हणून मान्य असेल त्याने जागेवर उभं राहायचं, ज्याला नसेल त्याने पळायचं. पद्धत सोपी होती आणि गुप्त मुळीच नव्हती. बिबट्या दिसला की कुरण रिकामं होई. मागे उरत ती चार रानडुकरं, एक साळिंदर आणि एक म्हातारं कासव. कासवाचं मत कायम वादात असे, कारण ते उभं आहे की पळतंय हे निकाल लागेपर्यंत कळत नसे. पळालेल्यांची मतं मोजायची सोय कायद्यात नव्हती, त्यामुळे ठिपकेराव दर वेळी निवडून येई. पण रिकाम्या कुरणापुढे आभाराचं भाषण करणं त्याच्या मनाला फार लागे.

पळायचं कधी, हे भेकरं ठरवत. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण. बिबट्याचा वास आला की ते भुंकतं आणि सगळं रान सावध होतं. या कामाचा ना पगार ना भत्ता. चाहूल नावाच्या भेकरीच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. तिच्या आईचं नाव कानोसा. चाहूल स्वतः गाभण राहिली तेव्हा तिने होणाऱ्या लेकराचं नाव आधीच ठरवून टाकलं, खबर.

या जंगलात एक पांढरी टेकडी होती. तिची माती खारट. कुणी गाभण राहिली की तिला त्या मातीचे डोहाळे लागत, आणि टेकडीवर एकच रीत होती, डोहाळेवाली आधी. गवा रांगेत असला तरी गाभण सशीण त्याच्या पुढे जाई. तिथे शिकार करायची नाही, हा नियम ठिपकेरावच्या आजीने घातला होता. तीही कधीतरी गाभण होती, म्हणून तिला सुचलं असावं. पुढच्या राजांना असं काही सुचल्याचं ऐकिवात नाही.

आता झालं असं, की ठिपकेरावला खारवलेल्या मांसाची चटक लागली. पुरवठामंत्री मुसंडे नावाचं रानडुक्कर होतं. उकरण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याने रातोरात टेकडी उकरायला घेतली. थोडी माती राजाच्या मांसाला लागली, थोडी मुसंड्याच्या सोयऱ्यांकडे गेली आणि उरलेली नदीपलीकडच्या जंगलाला विकली गेली. टेकडीभोवती काटेरी कुंपण आलं आणि कुंपणावर पाटी लागली : ‘राष्ट्रीय ठेवा. चाटू नये.’

यात काही दूरचा डाव होता असं मुळीच नाही. उगाच कुणाला अकलेचं श्रेय देऊ नये. सुरुवातीला ही साधी चोरी होती, धोरण नंतर झालं.

चाहूल कुंपणापाशी गेली तेव्हा तिला नुकतेच दिवस गेले होते. पहारेकरी डुकराने तिला पाटी वाचून दाखवली. ती तडक दरबारात गेली.

“महाराज, मला टेकडीवर जाऊ द्या. जिभेला त्या मातीशिवाय दुसरं काही नको झालंय.”

“हे डोहाळे म्हणजे बायकी थेर,” ठिपकेराव मिशीला लागलेलं मीठ चाटत म्हणाला. “पोटातल्या पिल्लाला मातीशी काय करायचंय? वैद्य, सांगा हिला.”

राजवैद्य म्हणजे ते साळिंदर, काटेकर. विद्वान प्राणी. अंगावर काटे भरपूर, पण सगळे पाठीकडे वळलेले. त्या दिवशी मात्र काय झालं कुणास ठाऊक, तो खरं बोलून गेला. बहुधा जेवण व्हायचं होतं.

“महाराज, पोटातलं पिल्लू आपोआप घडत नाही. आईच्या रक्तातून त्याला सतत निरोप जात असतात. त्यांना संप्रेरकं म्हणतात. एक संप्रेरक गर्भ धरून ठेवतं आणि गर्भाशयाला गप्प बसवतं. एक भरल्या दिवसांनी कळा आणतं. एक आचळात दूध आणतं. आणि एक आईच्या गळ्यातल्या ग्रंथीत तयार होतं. ते नाळेतून पिल्लाकडे जातं आणि त्याच्यावर पिल्लाचा मेंदू घडतो. पोटातले पहिले काही दिवस पिल्लाला स्वतःचं ते संप्रेरक बनवता येत नाही, सगळी मदार आईवर. आणि ते बनवायला आईला आयोडीन लागतं. आपल्या रानात ते फक्त त्या टेकडीच्या मातीत आहे.”

“आणि नाही मिळालं तर?” चाहूलने विचारलं.

“तर पिल्लाला कान येतील, नाक येईल, पाय येतील. पण कानावर काय पडलं आणि नाकाला कसला वास आला, ते मेंदूला उमगायला फार वेळ लागेल. कदाचित उमगणारच नाही.”

ठिपकेरावला यातलं एकच वाक्य समजलं होतं आणि त्याचा त्याला राग आला होता.

“म्हणजे प्रजेच्या पोटात आमच्या परवानगीशिवाय निरोपांची देवाणघेवाण चालते?”

“अनादिकालापासून, महाराज.”

“आणि आम्हाला आज कळतंय!”

दुसऱ्याच दिवशी गर्भकल्याण खातं स्थापन झालं. मंत्रिपद मुसंड्याकडे आलं, कारण उकरायचं काम त्याने आधीच हातात घेतलं होतं. आठवड्याभरात जंगलभरच्या गाभणींसाठी शासकीय डोहाळजेवण ठेवलं. प्रत्येकीला तांबड्या मातीचा एक लाडू, आणि लाडवावर राजाचे पाच ठिपके उमटवलेले. मुसंड्याने भाषण केलं.

“उपस्थित माताभगिनींनो! या ठिकाणी मी आपल्याला सांगू इच्छितो, की आजवरच्या राजांनी तुम्हाला काय दिलं? टेकडीवर जा आणि चाटा! स्वतः चालत जा! पोटुशी बाई, आणि चढ चढते! आपल्या राजेसाहेबांचं काळीज त्या ठिकाणी हललं. त्यांनी सांगितलं, मुसंडे, माती घरपोच द्या! बोला, माती आमची, माता आमची!”

“ठिपकेरावांचा विजय असो!” डुकरं ओरडली.

चाहूलने लाडू चाटून पाहिला आणि म्हणाली, “यात मीठच नाही.”

“खाल्ल्या मिठाला जागा जरा,” मुसंडे म्हणाला आणि पुढच्या गाभणीकडे वळला.

चाहूल एका जागी बसून राहणारी नव्हती. दोनदा ती कुंपणात शिरली आणि दोनदा डुकरांनी तिला सुळे दाखवून हुसकलं. मग तिने ओढ्याकाठचे दगड चाटले, मेलेल्या सांबराची शिंगं चाटली, वाळलेली हाडं चाटली. तिच्या पोटात एक मेंदू घडायचा होता आणि गवंड्याला चुना मिळत नव्हता. तिला हे संप्रेरक वगैरे समजलेलं नव्हतं, पण पोर अर्धवट घडतंय एवढं आईला समजतं. त्या दिवसांत ती रानात एकटीच रडायची.

हळूहळू गाभणींच्या गळ्यांना गाठी आल्या. आधी सुपारीएवढ्या, मग कवठाएवढ्या. मीठ मिळत नाही म्हणून गळ्यातली ग्रंथी बिचारी जास्त काम करायला फुगत होती. लोक कुजबुजू लागले. सरकारने लगेच खुलासा केला, की ही गाठ नसून कंठभूषण आहे, आणि राज्याच्या भरभराटीने ते प्रत्येकीच्या गळ्यात आपोआप उगवलं आहे. सर्वांत मोठ्या गाठीच्या नीलगायीचा सत्कार झाला. तिला चार शब्द बोलायला सांगितलं, पण घशातून आवाज निघेना. तिचं ते थोडक्यात बोलणं सगळ्यांना फार आवडलं.

चाहूल व्याली. लेक झाली. अंगावर केस विरळ, पण दिसायला गोड, डोळे मोठे. चाहूलने तिच्यासमोर वाळकी फांदी मोडली. घरच्या रीतीप्रमाणे पिल्लाची ही पहिली परीक्षा. कट् आवाज झाला की कान वळले पाहिजेत. खबरचे कान जागचे हलले नाहीत. चाहूलने दुसरी फांदी मोडली. मग तिसरी. शेवटी तिथे मोडायला फांदी उरली नाही.

ती काटेकरकडे गेली.

“वैद्यबुवा, आता कुठून तरी मूठभर माती आणून हिला चाटवते. सुधरंल का हो?”

काटेकरने इकडेतिकडे पाहिलं. “बाई, आता सगळी टेकडी चाटवलीस तरी नाही. ती वेळ पोटात असतानाची होती. ती गेली.”

“मग हे तुम्ही दरबारात सांगा की.”

“एकदा सांगितलं होतं. ते मी परत घेतलंय,” काटेकर म्हणाला आणि बिळात शिरला. त्याचे काटे बाहेरून फार छान दिसत होते.

त्या हंगामात जन्मलेली बहुतेक पिल्लं तशीच निघाली. पाडसं, शावकं, ससुल्या, सगळी शांत. एकदा ठिपकेराव फिरायला निघाला तर वाटेत दहाबारा पिल्लं चरत होती. तो जवळ गेला, ती चरतच राहिली. त्याने डरकाळी फोडली, तर एकाने वर पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. ठिपकेरावला आधी अपमान वाटला.

“मुसंडे, ही मला घाबरत नाहीत! राज्य बुडालं!”

मुसंड्याने थोडा विचार केला. थोडाच, कारण सवय नव्हती. “महाराज, हा विश्वास आहे. आजवर कुठल्या राजाला असा विश्वास मिळाला?”

त्या क्षणी चोरीचं धोरण झालं. कुंपण दुप्पट उंच झालं आणि तांबड्या लाडवाचं नाव ‘निर्भय लाडू’ पडलं. काटेकरने प्रबंध लिहिला, की पळणं हा जुन्या पिढीचा मानसिक आजार असून नव्या पिढीत तो गर्भातच नाहीसा करण्यात सरकारला यश आलं आहे. त्याला खारवलेल्या मांसाचा हंडा मिळाला. साळिंदर मांस खात नाही. त्याने वरचं मीठ खरवडून आपल्या गाभण बायकोला दिलं.

झाडाझाडावर घोषणा झाली : ‘इथे आता कुणी पळत नाही!’ आणि ते खरं होतं. सरकारच्या घोषणेत खोटं असतंच असं नाही.

खबर वर्षाची झाली. चाहूलने तिला एक गोष्ट घोकून घोकून शिकवली होती. “ठिपके दिसले की पळायचं. दुसरं काही आलं नाही तरी चालंल. काय करायचं?”

“पळायचं,” खबर म्हणे.

“काय दिसलं की?”

खबर आईकडे प्रेमाने बघत राही. पुढचं तिला आठवत नसे.

निवडणुकीचा दिवस उजाडला. कुरण भरलं. ठिपकेराव मधोमध येऊन उभा राहिला. चाहूलच्या नाकाला वास आला, तिने मान उंच केली आणि आई, आजी भुंकत तशी सगळा जीव एकवटून ती भुंकली. पण गळ्यात कवठाएवढी गाठ होती. बाहेर आली ती नुसती घरघर. तिच्या वयाची दोनचार जनावरं सवयीने पळाली. बाकीची मोठी जनावरं भुंकण्याची वाट बघत राहिली, पिल्लांना तर काही उमगलंच नाही, आणि अख्खं कुरण जागेवर उभं होतं, रवंथ करत. ठिपकेरावचे डोळे भरून आले. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच श्रोते मिळाले होते.

“माझ्या लाडक्या प्रजाजनांनो,” तो म्हणाला, “तुमच्या या प्रेमाची परतफेड मी कशी करू?”

चाहूल पळाली नव्हती. ती गर्दीतून लेकीला ढुशा देत होती. “पळ गं, माझी बाय. ठिपके बघ. पळ.” खबरने ठिपके पाहिले. लाडवावर होते तसेच ते होते. आणि राजाच्या पंजांना मीठ लागलेलं होतं. तिच्या जिभेला पोटात असल्यापासूनची ती ओढ होती, ती मात्र कुणी मिटवू शकलं नव्हतं. ती चालत पुढे गेली आणि राजाचा पंजा चाटू लागली.

कुरणात टाळ्या पडल्या. “बघा!” मुसंडे ओरडला. “या ठिकाणी आपण इतिहास पाहतो आहोत!”

ठिपकेराव सकाळपासून उपाशी होता. निवडणुकीच्या धावपळीत जेवायचं राहून जातं. त्याने तिला मायेने जवळ घेतलं. शेजारचं पाडस जरा सरकलं ते तिकडे गवत चांगलं होतं म्हणून.

मग मतमोजणी झाली. राजा जवळजवळ एकमताने निवडून आला. उभ्या मतदारांपेक्षा मोजलेलं एक मत कमी भरलं, आणि कासवाने ते आपलं समजून माफी मागितली. चाहूल कुरणाच्या मधोमध येऊन घसा फाटेस्तोवर आक्षेप घेत राहिली. तिची घरघर जयजयकार म्हणून नोंदवण्यात आली.