उंचीची पट्टी

गटशिक्षणाधिकारी खडतरे साहेब आदिवासी पाड्यावरच्या शाळेत तपासणीला आले. घोडकेबाईंच्या वर्षभराच्या कामावर शेरा द्यायचा होता, आणि ‘उत्तम’ लिहिणं साहेबांच्या जिवावर यायचं. त्यांनी तिसरीतल्या बिजलीला धडा वाचायला लावला. पोरगी अडखळत अर्ध्या पानापर्यंत पोचली.

“शेजारच्या गावातली मुलं अख्खं पान वाचतात, बाई. तुमचं काम असमाधानकारक,” म्हणत साहेबांनी पेन उघडलं.

“लिहा साहेब. त्याआधी जरा इथं उभे राहता का?”

भिंतीवर मुलांची उंची मोजायची पट्टी रंगवली होती. साहेब बिजलीशेजारी ऐटीत उभे राहिले.

“दोघांत उंच कोण?” बाईंनी विचारलं.

“हे काय विचारणं झालं? मीच.”

“आणि वर्षभरात जास्त वाढलं कोण?”

साहेब हसले. “ते असं कसं सांगणार? गेल्या वर्षीची खूण नको का?”

“वाचनाची गेल्या वर्षीची खूण तुम्ही कुठं विचारलीत, साहेब?”

साहेब बिजलीकडे वळले. “गेल्या वर्षी किती वाचायचीस गं?”

“तेव्हा मला मराठी बोलताच येत नव्हतं,” बिजली स्वच्छ मराठीत म्हणाली.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची ओढली. “उरलेलं अर्धं पान वाच, बाळ. मी थांबतो.”