पांढऱ्या मिशीचा पुरावा

आंबेखोलच्या राजेसाहेबांच्या ताटात रोज बकरा आणि तुपात पोहणारी पक्वान्नं असत. राजघराण्यातल्या बायका मात्र, रीतच होती म्हणून, मागाहून नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खात.

पुढे बकऱ्यांना चराई पुरेना. राजवैद्य भैरवरावांनी भर दरबारात सुचवलं, "डोंगरावरची नाचणी-कुळथाची शेतं मोडून कुरणं करावीत. राजाच्या आरोग्यापुढे रयतेच्या भाकरीचं काय एवढं?"

राजांच्या ऐंशी वर्षांच्या आत्यासाहेब पडद्याआडून म्हणाल्या, "या जेवणानं आरोग्य लाभतं, याला पुरावा काय, वैद्यराज?"

भैरवरावांनी भिंतीवरच्या तसबिरींकडे दिमाखात बोट दाखवलं. "सात पिढ्यांचे राजे हेच जेवले. आणखी कसला पुरावा हवा?"

"मग त्यांतली एक तरी पांढरी मिशी दाखवा," आत्यासाहेब शांतपणे म्हणाल्या. "सगळे पन्नाशीच्या आत गेले, आणि एकही लढाईत पडला नाही. त्यांच्या विधवांनी मात्र पणतू खेळवले, त्या भाकरीवर."

राजेसाहेबांचा हात नकळत आपल्या काळ्याभोर मिशीवर गेला.

शेतं वाचली. दुपारच्या पंगतीत राजांनी एक भाकरी मागवली. भैरवरावांनी, कुणाचं लक्ष नाही असं बघून, दोन.