न तुंबलेल्या गटाराचे छत्तीस हजार

“मग तीन वर्षं तुम्ही नेमकं केलंत तरी काय, उस्ताद?”

निनाद पोतनिसांनी तक्रारवही पुढे सरकवली. कराडच्या त्या मंगल कार्यालयाचे ते नवे व्यवस्थापक. पुण्याला शिकून आलेले, आणि शिकलेलं कुठे वाया जाऊ नये याची फार काळजी घेणारे.

उस्ताद दस्तगीर यांनी वही घेतली. ‘ड्रेनेज’ असं लिहिलेलं पान उघडलं. कोरं. पुढचं पान... तेही कोरं.

उस्ताद सत्तरीचे. मंगल कार्यालयं, खानावळी, दोन दवाखाने... अशा ठिकाणची सांडपाण्याची लाईन ते वर्षाच्या करारावर बघत. दर महिन्याला यायचं, सगळी झाकणं उघडून साफ करायचं आणि जायचं. तालुक्यातले निम्मे प्लंबर त्यांच्या हाताखाली शिकले, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

“तीन वर्षांत एक तक्रार नाही,” पोतनीस म्हणाले. “आणि दर वर्षी आम्ही छत्तीस हजार मोजतोय. कोऱ्या पानांचे पैसे झाले हे! काय आहे या पानांवर?”

“माझं काम.”

“अहो, कोरं आहे ते.”

“व्हय. लई मेहनत लागली त्याला.”

पोतनीस हसले नाहीत.

करार महिनाअखेरीला संपत होता. नवा कागद त्यांनी टाईप करून आणला होता, उस्तादांची सही तेवढी बाकी होती. पण कार्यालय चालवणाऱ्या ट्रस्टच्या मालतीताई घळसासी यांनी एक अट घातली होती : आधी दस्तगीरभाईंसोबत एक फेरी मारा, शिका काही, मग काय ते करा. म्हणून पांढरा शर्ट घालून, नाक मुरडत, पोतनीस आज शिकायला आले होते.

कागदात काय आहे याची कुणकुण उस्तादांना लागलेली होती. त्यांच्याकडचं सगळ्यांत मोठं काम हेच. ते गेलं तर हाताखालच्या दोन माणसांना दुसरीकडे धाडावं लागणार होतं.

“चला,” उस्ताद म्हणाले.

मागच्या अंगणात त्यांनी लोखंडी कांबीने तीन चेंबरची झाकणं उचलली. मग लांब जाऊन कट्ट्यावर बसले. थर्मासातला चहा दोन कपांत ओतला.

“आता?”

“आता बसायचं. अर्धा तास.”

“अर्धा तास बसायचं? याचेही पैसे आम्हीच देतो?”

“व्हय. आतला वायू जाऊ दे. मग हात घालायचा. तोबी वरनंच, माणूस आत उतरवायचा न्हाई.”

“मशीनवाले दहा मिनिटांत उरकतात, उस्ताद. घाई केली तर काय होतं?”

“घाई करणारी दोन माणसं माझ्या ओळखीची होती.”

पोतनीस पुढचं काहीतरी बोलणार होते. ‘होती’ हा शब्द त्यांना जरा उशिरा पोचला. ते चहा प्यायले.

अर्ध्या तासाने उस्तादांनी हातमोजे चढवले. त्यांच्या हाताखालचे दोघे गडी बांबूच्या लांब चिपा लाईनीत सरकवू लागले. शेवटच्या वळणावरून पांढरट, मऊ असा गोळा बाहेर आला. तूप, तेल, भाताची पेज... मुठीएवढा.

“बस, एवढाच?” पोतनीस म्हणाले.

“एका महिन्याचा एवढाच.”

“आचारी तर म्हणतो, तो तूप सांडलं की वरून उकळतं पाणी ओततो. सगळं वाहून जातं.”

“जातं की. वळणापर्यंत जातं. तिथं पाणी गार होतं, आन् तूप बसतं.”

पोतनिसांनी हे मनात टिपून घेतलं. आचाऱ्याला आता ताकीद द्यायची. मग उस्तादांची गरज आणखीच कमी. मनातल्या मनात ते खूश झाले.

मग उस्ताद आणि पोतनीस स्वयंपाकघरात आले. मोरीपाशी उस्ताद वाकले. भिंतीला टेकवून ठेवलेली एक जाळी त्यांनी उचलली, मोरीच्या तोंडावर बसवली, पायाने दाबली. झालं.

“हे काय केलंत?”

“पाणी हळू जातं म्हणून आचारी जाळी काढून ठेवत्यात. परत्येक कार्यालयात. मग पत्रावळीचं तुकडं, लिंबाच्या साली, समदं आत.”

“उस्ताद, राग मानू नका. पण हे एका मिनिटाचं काम. मीसुद्धा केलं असतं.”

“व्हय, सोपं हाय.”

“मग?”

“सकाळपासनं तुम्ही हितनं किती येळा गेला?”

पोतनीस आठवू लागले. चारदा... पाचदा. जाळी तिथेच होती, गुडघ्याएवढ्या उंचीवर, डोळ्यांसमोर.

त्यांचे कान तापले. आणि कान तापले की माणूस मुद्द्यावर येतो, तसे ते आले. खिशातून कागद काढून त्यांनी ओट्यावर पसरला.

“स्पष्टच बोलतो. वर्षाचा करार आम्ही बंद करतोय. पण तुम्हाला सोडत नाही. तुंबेल तेव्हा बोलावू, आणि दर वेळचे आठ हजार देऊ. तिथल्या तिथे.”

उस्तादांनी कागद वाचला. शांतपणे, बोट ठेवून, दोनदा.

“म्हंजे पाच येळा तुंबलं, तर चाळीस.”

“बघा! आत्तापेक्षा चार हजार जास्तच.”

“आन् न्हाई तुंबलं तर?”

“तर काही नाही. काम नाही, तर पैसे नाहीत. यात कुणाचंच नुकसान नाही.”

उस्ताद जेवणघराच्या दाराशी गेले. आत टेबलं ओळीने मांडलेली होती, खुर्च्या त्यांवर उलट्या ठेवलेल्या.

“करार नव्हता तवाची गोष्ट,” ते म्हणाले. “हितं पंगत बसली हुती. सहाशे पान. दुसरा भात वाढताना मोरीतनं पाणी उलटं आलं. पार हितवर.”

त्यांनी घोट्याला हात लावला.

“पंगत उठली. बायका साड्या धरून पळाल्या. मुलीचा बाप त्याच पाण्यात उभा राहून व्याह्यांची माफी मागत हुता. हात जोडून... एकेकाची. मास्तर हुता बिचारा. गटार त्याचं नव्हतं.”

पोतनिसांनी नकळत पाय मागे घेतला. ऐकवत नव्हतं त्यांना, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

“मग?”

“मग मला बोलावणं आलं. लाईन मोकळी केली. ट्रस्टनं मागितलं तेवढं दिलं, वर बक्षीस दिलं. साहेब, एका दिवसात तेवढा पैसा मला पुन्हा कवाच मिळाला न्हाई.”

पोतनिसांना धीर आला. माणूस व्यवहाराचं बोलतोय असं त्यांना वाटलं.

“तेच तर म्हणतोय मी, उस्ताद! आमचे पैसे वाचतात आणि तुम्हालाही चार पैसे जास्त मिळतात. दोघांचं भलं. आता सही करा, परवा मीटिंग आहे.”

बाहेर दुपारची अजान झाली. उस्तादांनी हातमोजे काढले आणि नळाखाली साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, बोट न् बोट. पोतनीस पेन उघडून शेजारी उभे राहिले.

उस्तादांनी पेन घेतलं नाही.

ओले तळहात त्यांनी छातीसमोर उघडे धरले, दुआ मागताना धरतात तसे. पाणी कोपरावरून खाली ठिबकत होतं. ते आपल्या हातांकडे बघत राहिले...

“उस्ताद?”

“करतो सही. पर एक तेवढं सांगा, साहेब.”

“काय?”

“वैशाखात हितं बावीस लग्नं हायेत. रोज नमाज झाली की हे हात उचलून मी काय मागू?”