द्वाड म्हणणारी राणी

एका राज्यात, जिथं राघू न्यायनिवाडा करत, तिथं मायावती नावाची राणी होती. तिथली रीत अशी, की दिव्यांच्या अवसेला आयांनी लेकरांना ओवाळायचं आणि तोंडभरून त्यांचे गुण गायचे. तेच नडलं! डोंगरावरची कंकाली चेटकीण कान देऊन बसे, आणि ज्याचं कौतुक ऐकू येई त्या पोराला दगड करून आपल्या भिंतीत चिणे. राणीची थोरली दोन्ही मुलं तशीच गेली. उरला धाकटा चंद्रकेतू, आणि तोही गुणांचा पुतळा, जो तो त्याचंच कौतुक करी! अवस पुन्हा तोंडावर आली.

राणीनं म्हाताऱ्या राघूचे पाय धरले. "उपाय सांगा."

"उपाय आहे, पण वाईट आहे," राघू म्हणाला. "चेटकिणीच्या बोलीत किडक्या, टाकाऊ जिनसेला 'द्वाड' म्हणतात. जन्मदात्या आईनं भर सभेत लेकराला तीनदा तसं म्हटलं, तर ती त्याला नेऊ शकत नाही. रित्या हातानं परतायची वेळ आली की तिचा अंत. पण राणीसरकार, त्या लेकरासाठी तुमच्या जिभेला पुन्हा दुसरा शब्द सापडणार नाही. आणि त्याला आधी सांगाल, तर सगळं फुकट."

अवसेला कंकाली चंद्रकेतूला न्यायला सभेत आली. "राणी, लेक कसा आहे?"

"द्वाड."

चंद्रकेतू हसला. आई चेष्टा करतेय, असं त्याला वाटलं.

"दिसतो तर शहाणा!"

"द्वाड."

पोराचा चेहरा उतरला. कंकालीनं चिडून त्याचा हात धरला, तशी त्याची पावलं दगड होऊ लागली.

"आई, मी काय केलं गं?"

राणीच्या काळजाचं पाणी झालं. तरी ती ओरडली, "द्वाड आहेस मेल्या, द्वाड!"

कंकाली जागच्या जागी राख झाली. चंद्रकेतूचे पाय सुटले. भिंतीतली मुलं मात्र परत आली नाहीत. राज्यात पुन्हा निर्धास्तपणे ओवाळणं सुरू झालं.

पण चंद्रकेतू आईकडे फिरकेना. ती जवळ घ्यायला जाई, ओठांवर तेवढाच एक शब्द येई, आणि पोर रडत पळून जाई. अखेर राघूनं त्याला सगळं सांगितलं. तो धावत आला, आईच्या मांडीत डोकं खुपसून म्हणाला, "आई, पुन्हा म्हण ना!"

राणीनं त्याच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "द्वाड," ती म्हणाली, आणि ढसाढसा रडली.

तिथल्या आया अजून खोडकर पोराचा कान धरून द्वाड म्हणतात. पोर काही घाबरत नाही.