भाकड म्हशीच्या बदल्यात लाल गाडी

डोंगराखालच्या एका वाडीत सर्जा नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा असं त्याची आई म्हणायची. गाव येडा म्हणायचं. गावाचं बरोबर होतं.

सर्जा सांगितलेलं ऐकायचा. हीच तर पीडा होती. न ऐकणारा माणूस एकवेळ परवडतो.

त्याची बायको छबू. तिला माहेरहून आंदण मिळालेली म्हैस भाकड झाली. छबू म्हणाली, "अहो, ही बाजारात बदलून आणा. आणि बघून आणा. कातडी तुकतुकीत असावी. बांधा बुटका, मागून रुंद. डोळे मोठे. आणि रेकली तर वेशीपर्यंत ऐकू यावी."

सर्जा म्हैस घेऊन तालुक्याच्या बाजाराला गेला. तिथं एका कंत्राटदाराच्या पोराची जुनी गाडी उभी होती. शर्यतीच्या गाडीसारखी. लाल रंग, दोनच दारं. पुढं दोन माणसं बसणार, मागं जेमतेम एक पोतं. पोट जमिनीला टेकायला आलेलं. सर्जानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तुकतुकीत. मागून बघितलं. रुंद. पोरानं बटण दाबलं, तसे नाकाडावरचे दोन दिवे झाकणं उघडून वर आले. डोळे मोठे. चालू केली तशी अशी गुरगुरली की शेजारचा बैल दावं तोडून पळाला.

"हीच," सर्जा म्हणाला.

ते पोरगं गाडीला इतकं विटलं होतं, की त्यानं बदल्यात कोंबडीसुद्धा घेतली असती. त्याला म्हैस मिळाली. सर्जाला ट्रॅक्टर चालवता यायचा. त्याच अंदाजानं त्यानं गाडी वाडीत आणली.

छबू अंगणात आली. "हे काय आणलंत?"

"तू सांगितलेलं सगळं आहे. बघ तरी."

"दूध किती देती?"

सर्जानं वाकून गाडीच्या पोटाखाली बघितलं. "दूध नाही. तेल गळतंय. पण दोन्ही वेळा."

छबूनं बोचकं बांधलं आणि माहेरची वाट धरली.

आई म्हणाली, "जा मेल्या, तिला घेऊन ये. नाहीतर रंगराव पोरगी कायमची ठेवून घेईल." रंगराव म्हणजे छबूचा बाप. भडक डोक्याचा.

सकाळी गाडी चालू होईना. सर्जानं हमीद मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणाला, "जुनं इंजिन आहे. उठल्या उठल्या त्याच्या मागं लागू नकोस. आधी जागेवर तापू दे. चांगलं गुरगुरायला लागलं की मग निघायचं."

"बरं," सर्जा म्हणाला.

सासुरवाडीला रंगराव ओसरीवर बसला होता. सर्जा समोर जाऊन बसला. गप्प.

"का आलात, जावईबापू?"

सर्जा गप्प.

"अहो, विचारतोय मी! माझी म्हैस कुठाय?"

सर्जा गप्प. रंगरावाचे कान लाल झाले. मिशा थरथरायला लागल्या. तो उठून असा ओरडला की आतून सासू लाटणं घेऊनच बाहेर आली.

सर्जा खूश झाला. आत तोंड करून म्हणाला, "छबू, चल. मामा तापले. आता निघायला हरकत नाही."

निघाला तो एकटाच. पाठीवर लाटण्याचा वळ घेऊन.

आईनं कपाळ बडवलं. "अरे, कुणी तापलं तर बसून बघायचं असतं होय? पाया पडावं. 'चुकलं माझं' म्हणावं. गार ताक पाजावं."

"बरं, पुढच्या खेपेला तसंच करतो."

पुढच्या खेपेला आईनंच रंगरावासाठी ताकाची चरवी भरून दिली. पण घाटात गाडीच तापली. नाकातून वाफ निघायला लागली. सर्जा खाली उतरला आणि पुढच्या चाकाच्या पाया पडला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

वाफ काही थांबेना. मग तो झाडाखाली बसून पुन्हापुन्हा चुकलं म्हणत राहिला. वाफ कमी झाली तसं पाण्याच्या टाकीचं झाकण काढून सगळं ताक आत ओतलं आणि गाडी पुन्हा चालू केली. वास सुटला. वरच्या अंगाला मेंढरं चारणारा एक मेंढका वास घेत खाली आला.

"काय चाललंय, पाव्हणं?"

"हिला राग आलाय. समजूत काढतोय."

मेंढक्यानं पुन्हा हुंगलं. "मिरची-कढीपत्ता घाला की जरा. आणि झाली की हाक मारा. भाकरी हाय माझ्यापाशी."

गाडी बैलांनी ओढून माघारी आणावी लागली. हमीद मिस्त्रीनं टाकीतून लोणी काढलं. तसा तो शांत माणूस, पण त्या दिवशी तोही बोलला. "तिची समजूत कसली काढतोस? हटून बसली की एकट्यानं काही होत नाही. चार दांडगी माणसं जमव आणि मागून ढकल. जाते मुकाट."

"बरं, पुढच्या खेपेला तसंच करतो."

पुढच्या खेपेला रंगराव जरा निवळला होता. तो छबूला म्हणाला, "जा बाई, तुझं नशीब." पण छबू उंबऱ्यात उभी राहिली. "म्हैस आणल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही."

हटून बसली, सर्जानं ओळखलं. तो गेला तो थेट गावच्या तालमीत. चार पैलवान लंगोटावर घेऊन आला.

"कुणाला ढकलायचंय?" थोरल्या पैलवानानं विचारलं.

"हिला. मागून धरा. आधी जरा हलवून बघा."

पैलवान शहाणे होते. ते आल्या पावली पळाले. सर्जाला उशिरा सुचलं. तोवर रंगरावानं कुत्रं सोडलं होतं. सर्जानं अशी गाडी पळवली की वेशीवरच्या गतिरोधकावर तिचं पोट खरडलं आणि धुराची नळी तिथंच पडली.

मिस्त्रीनं नळी बसवली. म्हणाला, "गाडी बुटकी आहे बाबा. मोठा गतिरोधक आला की आतलं वजन उतरवायचं आणि रिकामी गाडी तिरकी काढायची."

"बरं."

घरी आई म्हणाली, "अरे, सुनेला कुणी ढकलून आणतं? मानानं आणावी लागते. दारात आली की भाकरतुकडा ओवाळून टाकायचा. पायांवर पाणी घालायचं. हळदकुंकू लावायचं. उंबरा ओलांडून आत घ्यायची. आणि एकदा आत घेतली की मरेपर्यंत माघारी लावायची नाही."

"बरं. तसंच करतो."

शेवटच्या खेपेला छबू आपणहून निघाली. म्हणाली, "हा माणूस मोकळा राहिला तर दोन्ही गावं उठवील." रंगरावानं बजावलं, "जावईबापू, आता ही जर माझ्या दारात परत आली, तर पुन्हा न्यायला येऊ नका. मी पाठवणार नाही."

वाडी जवळ आली. वेशीवर मोठा गतिरोधक. सर्जानं गाडी थांबवली.

"उतर."

"का?"

"वजन उतरवायचंय."

छबू दात खात उतरली. सर्जानं रिकामी गाडी तिरकी काढली. अलगद निघाली. खरडली नाही की काही नाही. मिस्त्रीचं तंतोतंत खरं ठरलं, म्हणून त्याला इतका आनंद झाला की तो तसाच घरी गेला. वजन परत घ्यायचं मिस्त्रीनं सांगितलंच नव्हतं.

आई आत चुलीपाशी होती. सर्जानं दारात गाडी उभी केली आणि बघितलं, दारात कोण आलंय? गाडी. मग त्यानं भाकरतुकडा ओवाळून टाकला. चारही चाकांवर पाणी घातलं. दोन्ही दिव्यांच्या मधे हळदकुंकू लावलं. मग आत बसला आणि उंबरा ओलांडला.

निम्मा ओलांडला. गाडी चौकटीत घट्ट बसली. नाक घरात, बूड अंगणात. दोन्ही दारं चौकटीला दाबलेली. आई आत कोंडली आणि सर्जा गाडीत.

"अरे मुडद्या," आई आतून ओरडली, "मागं घे ती!"

"नाही गं. आत घेतलेलीला माघारी लावायची नाही. तूच म्हणालीस."

तेवढ्यात छबू चालत आली. डोक्यावर बोचकं, पायाला फोड. तिनं अंगण बघितलं. ओवाळलेला भाकरतुकडा बघितला. चौकटीत बसलेलं लाल बूड बघितलं.

"आणि मी कुठनं येऊ आत?"

सर्जानं काच खाली करून कशीबशी मान बाहेर काढली. तिला बघून त्याला फार वाईट वाटलं. बिचारी उन्हातून चालत आली होती. ओवाळणं नाही, पाणी नाही, काही नाही. अशी कुणी सून आणतं?

"छबू," तो मायेनं म्हणाला, "असं आलेलं बरं दिसत नाही. तू आता माहेरी जा. मी तुला मानानं न्यायला येतो."