चिंचगोठणची साक्ष

आज दुपारच्या उपासनेत वाचन मध्येच थांबलं, ते तुमच्यापैकी काहींना खटकलं असेल. मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजलंही, की वाचणाऱ्याचं पान चुकलं. पान चुकत नाही. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. तर या आमच्या चिंचगोठणच्या देवळात गुड फ्रायडेला येशूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचतात. त्यात येशूचा शिष्य पेत्र तिसऱ्यांदा त्याला ओळखायला नाकारतो आणि कोंबडा आरवतो. तिथे वाचणारा थांबतो. मग उजवीकडच्या बाकांतून पाटीलआळीतली सर्वांत वयस्क बाई उठते. डावीकडे आम्ही खाजणपाड्याची माणसं बसतो. आमच्याकडे तोंड करून ती मोठ्याने म्हणते, "मी आयकलं होतं." एवढंच. फादर मान खाली घालून थोडा वेळ वाट पाहतात. आमच्या बाजूने कुणी बोलत नाही. मग वाचन पुढे सुरू होतं.

गेल्या काही वर्षांत ही प्रथा बघायला बाहेरून माणसं येतात, 'किती सुंदर' म्हणतात. सुंदर आहे की नाही, ते ऐकून ठरवा. मी तेरेजा, खाजणपाड्यातली आता सर्वांत म्हातारी. माझ्या आजीने मला सांगितलं तसं तुम्हाला सांगते. आळीत विचाराल तर याहून गोड सांगतील.

फार जुनी गोष्ट आहे. असे सांगतात, की तेव्हाही देऊळ एकच होतं आणि वस्त्या दोन. पाटीलआळीत केळीच्या आणि पानवेलींच्या बागा, दारोदारी विहिरी. खाजणपाडा खाडीला लागून, आमची माणसं मिठागरावर राबायची. जिथे मीठ पिकतं तिथे गोडं पाणी कुठलं? पाड्यातल्या बायका कळशी घेऊन आळीत जायच्या, आळीचं भरून होईपर्यंत लांब उभ्या राहायच्या, आणि मग कुणी आळीवाली वरून ओतेल तेवढं पाणी घेऊन परतायच्या. मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, एकाच वेदीसमोर गुडघे टेकायचे, पण विहिरीला हात लावायचा नाही. याची लाज कुणालाच कशी वाटत नव्हती, हे मला अजून कळत नाही.

मग एका वर्षी पाऊस दडी मारून बसला. खाडीचं पाणी जमिनीखालून आत शिरलं आणि आळीच्या विहिरीसुद्धा मचूळ झाल्या. केळी पिवळ्या पडल्या, गुरं तोंड फिरवू लागली. तेव्हा पाटलाला आमची आठवण झाली. आळीचा प्रमुख बस्त्याव पाटील पाड्यात आला, म्हणे जन्मात पहिल्यांदा. खारट जमिनीत गोड्या पाण्याची नस कुठे असते ते आमच्या दुमिंगला समजायचं. माती चिमटीत घेऊन जिभेला लावायचा आणि सांगायचा. त्याने पाड्याच्या आणि आळीच्या मधली एक सखल जागा दाखवली. जमीन पाटलाची होती. तिथे बावखल खणायचं ठरलं. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं मोठं तळं.

दुमिंगची बायको इजाबेल. पाड्याच्या वतीने तीच बोलली, असं सांगतात. पाटील म्हणाला होता, की खणायला चांगली जाड भाकर देऊ. ती म्हणाली, "भाकर आमी खातोच. आमाला पायऱ्या पायजेत. दोनी अंगाला. आळीच्या बाजूला तुमच्या, पाड्याच्या बाजूला आमच्या. पानी मागायला आमी परत तुमच्या दारात उभ्या ऱ्हानार नाय."

तिठ्यावरच्या क्रुसापाशी हे बोलणं झालं. पाटलाबरोबर त्याची तीन-चार माणसं होती आणि त्याची बायको कतरीनबाय. पाटलाने क्रुसावर हात ठेवला. "या कुरसाची आन. दोनी अंगाला पायऱ्या. पान्याला कसली आळी नि कसला पाडा?"

पाड्यातलं कुणी म्हणालं, की हे पाद्रीबाबांसमोर बोलून घेऊ. इजाबेल हसली. "माजी धर्ममाता उभी हाय ना हितं. तिच्यापरीस मोठी साक्ष कोन?"

कतरीनबाय तिची धर्ममाता होती. त्या काळी पाड्यातल्या मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घ्यायला आळीतल्या बायका यायच्या. तान्ह्या मुलाला बोलता येत नाही. पाद्री मुलाला विचारतो, सैतानाचा त्याग करतोस का, देवावर विश्वास ठेवतोस का, आणि मुलाच्या वतीने धर्ममाता उत्तर देते. कतरीनबायने इजाबेलच्या वतीने असं उत्तर दिलं होतं. पुढे तिच्या लग्नात तिला लुगडंही दिलं होतं. इजाबेलला आई नव्हती. तिच्या लेखी ही बाई म्हणजे आईच. म्हणून पाड्याने आणखी काही मागितलं नाही. आमची चूक म्हणायची तर एवढीच.

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागतो त्या दिवशी, कुदळ पडली. उपवासकाळात रोज पाडा खणत होता. पुरुष खणायचे, बायका घमेल्यांनी चिखल वाहायच्या. आळीतून दुपारी पेज यायची, तीही कतरीनबायच घेऊन यायची. ईस्टरला तीन आठवडे उरले होते, तेव्हा दुमिंग तळाशी उतरून खणत असताना पाण्याची नस फुटली. त्याने ओंजळ भरून चव घेतली आणि वर ओरडला, "गोडं हाय!" तेवढ्यात पाड्याच्या बाजूचा कडा खचला. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

कतरीनबाय दोन दिवस इजाबेलच्या झोपडीत बसून होती. तिचं डोकं मांडीवर घेतलं, तिच्या तोंडात घास घातला. हे आमची माणसं मुद्दाम सांगतात. ती बाई वाईट नव्हती. वाईट असती तर इतकं लागलं नसतं.

पाणी चढलं. पाटलाने बैलगाड्या जुंपून घडीव दगड आणवले आणि आळीच्या बाजूने पंधरा पायऱ्या बांधल्या. पाड्याची बायामाणसं आपल्या बाजूला उभी राहून बघत होती. त्यांना वाटलं, उरलेला दगड आता इकडे येईल. इकडे आली ती बाभळीच्या काट्यांची वई. खचलेल्या कड्याला आधार म्हणून कुंपण घालतोय, असं म्हणाले. मग कळलं, की पाड्याच्या बायकांनी पूर्वीसारखंच आळीच्या पायऱ्यांवर यायचं, आळीचं भरून झाल्यावर. गरज सरो, वैद्य मरो. इथे तर वैद्य खरोखरच मेला होता.

इजाबेल पाटलाकडे गेली. पाटील म्हणाला, "पायऱ्या? कसल्या पायऱ्या? आमी भाकर बोललो, भाकर दिली."

ती पाद्रीबाबांकडे गेली. ते नवे होते, गोव्याकडून आलेले, मनाने सरळ. ते म्हणाले, मागणारे तुम्हीच, तुमची साक्ष धरता येणार नाही; आळीतल्या ज्यांनी ऐकलं त्यांना बोलावू. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी देवळाच्या पडवीत दोन्ही वस्त्या जमल्या. पाटलाची माणसं एकेक करून उठली. कुणी ऐकलंच नव्हतं, कुणाला आठवत नव्हतं. इजाबेल शांत होती. ती म्हणाली, "मना त्यांची साक्ष नकोच होती. माज्या धर्ममातेला इचारा."

कतरीनबाय पदर सावरत पुढे आली. पाद्रीबाबांनी विचारलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. म्हणाली, "मी आयकलं नाय."

पाड्यात सांगतात, की तिला तीनदा विचारलं आणि ती तीनदा नाही म्हणाली. मला वाटतं एकदाच विचारलं असेल, तीनचा आकडा नंतर शुभवर्तमानातून आला असेल. एकदा पुरेसं होतं.

असं म्हणतात, की इजाबेल ओरडली नाही की रडली नाही. ती कतरीनबायच्या अगदी समोर गेली. "बाय, मी तुमच्या हातावर होती. पाद्रीने मना इचारलं. मना बोलता येत नव्हतं, तर माज्या वतीने तुमी बोललात. आता मना बोलता येते, तर तुमी गप का?"

कतरीनबाय मागे सरून नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पाद्रीबाबांनी हात जोडले आणि साक्षीशिवाय काही करता येत नाही म्हणाले. सभा उठली. परक्याने फसवलं तर माणूस दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागतो. आपल्या माणसाने केसाने गळा कापला, तर कुणाकडे जायचं?

दोन दिवसांनी गुड फ्रायडे. तेव्हा वाचन लॅटिनमध्ये व्हायचं, मग पाद्रीबाबा तीच कथा मराठीतून सांगायचे. ते पेत्राच्या नाकारण्यापर्यंत आले, कोंबडा आरवला, आणि उजव्या बाजूला कतरीनबाय उठून उभी राहिली. पाटलाने तिचा हात धरून खाली ओढलं. ती बसली नाही. पाड्याच्या बाजूला वळली आणि म्हणाली, "मी आयकलं होतं."

देवळात रडारड झाली, म्हणे. आळीतल्या बायका उठून पाड्यातल्या बायकांच्या गळ्यात पडल्या. खुद्द पाटलाने छाती पिटून घेतली. पाद्रीबाबा वेदीपाशी ढसाढसा रडले आणि म्हणाले, आज इथे चमत्कार झाला. आळीत तर सांगतात, की ते शब्द तिच्या तोंडातून निघाले त्या क्षणी बावखलाचं पाणी हातभर चढलं. चढलं असेल. आमच्या बाजूला कुंपण होतं, आम्हाला दिसलं नाही.

ईस्टरला कतरीनबाय भाकऱ्या आणि उकडलेली अंडी घेऊन इजाबेलच्या दारात आली. पाया पडू लागली. इजाबेलने तिला उठवलं, पाट दिला, पाणी दिलं. मचूळ पाणी, घरात तेच होतं. आणि विचारलं, "बाय, पायऱ्या कवा?"

"पाटील म्हनतात, बागेच्या कामाचे दिवस हायत. पाऊस झाला का बघू."

"मग पाऊस झाल्यावर या," इजाबेल म्हणाली.

पाऊस झाला. पाटील म्हणाला, कडा ओला आहे, सुकू दे. कडा सुकला, तर दगड संपला होता. पाद्रीबाबांनी दोनदा विषय काढला, मग त्यांची बदली झाली. पाटील मेला. त्याच्या मुलाने सांगितलं, की बाबा मला काही बोलले नव्हते. कतरीनबाय मात्र दरवर्षी गुड फ्रायडेला त्याच ठिकाणी उठायची आणि तेच शब्द म्हणायची. ती गेल्यावर तिच्या आठवणीसाठी तिची सून उठू लागली. पुढे आळीतली सर्वांत वयस्क बाई उठायची, असा पायंडाच पडला. अशी ही प्रथा सुरू झाली. आम्हाला पायऱ्या मिळायच्या होत्या, मिळाली ती प्रथा.

इजाबेल मरेपर्यंत पाड्याचं मचूळ पाणीच प्यायली, असं सांगतात. आळीच्या पायऱ्यांवर तिने पाऊल ठेवलं नाही. जाताना पाड्याच्या बायकांना बजावून गेली, की ते बोलतील तेव्हा त्यांना गप्प करू नका, नीट ऐका. पण पायऱ्या झाल्याशिवाय उत्तर देऊ नका. म्हणून आम्ही दुपारी गप्प बसलो होतो.

मागे एक तरुण फादर आमच्याकडे होते. त्यांना हे फार टोचायचं. त्यांनी उपवासकाळभर क्षमेवर प्रवचनं दिली आणि एकदा घरी येऊन मला म्हणाले, "तेरेजाबाय, एक शब्द बोलायचा आहे, 'क्षमा केली' म्हणा. किती वर्षं मनात धरायचं?" मी म्हटलं, "फादर, मनात धरलेलं नाय. पंधरा दगडांचा प्रश्न हाय. तुमी दगड आना, मी शब्द आनते." ते चांगले होते. आळीत जाऊन खरोखर बोलले. पुढच्या वर्षी आळीने बावखलाभोवती बाकडी बसवली, कमळं लावली आणि एक संगमरवरी पाटी लावली. पाटीवर कतरीनबायचं नाव आहे. दुमिंगचं नाही.

आता घरोघरी नळ आहेत. बावखलाचं पाणी कुणी पीत नाही, तिथे बदकं पोहतात. आमच्या पोरी विचारतात, मग आता पायऱ्या कशाला हव्यात? मी सांगते, पाण्यासाठी नकोत. शब्द दिला होता म्हणून हव्यात.

आज दुपारी उठली ती नातालीन. पाटलाच्या घरातली, माझ्याच वयाची. आम्ही एका वर्गात होतो, एकाच दिवशी आम्हाला देवळात पहिला ख्रिस्तप्रसाद मिळाला. शब्द म्हणताना तिचा आवाज फुटला, तो तुम्ही ऐकलात. ते खोटं नव्हतं, ती दरवर्षी रडते. बावखलाच्या पाड्याकडच्या काठाची जमीन आज तिच्या नावावर आहे.

उपासना संपल्यावर दारात तिने माझे दोन्ही हात धरले. गुडघ्यांचं विचारलं, नातवंडांचं विचारलं. मी म्हटलं, "नातालीन, पायऱ्या कवा?"

तिने कानामागे हात धरला. "काय म्हनलीस? हल्ली मना आयकायला येत नाय गं." आणि माझ्या गालावर थोपटून गाडीत बसली.

आजही चिंचगोठणच्या बावखलात उतरायला पंधरा पायऱ्या आहेत आणि त्या सगळ्या एकाच बाजूला आहेत. चला, दाखवते तुम्हाला. माझं घर पलीकडेच आहे, पण वळसा घालून जावं लागेल.